पैसे दोनदा, पापड एकदाही नाही



गेल्या आषाढात डिंडोलीहून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, पुण्याच्या एक ताई म्हणतात, पैसे दोनदा गेले आणि पापड एकदाही आले नाहीत. काय सांगू त्यांना?"

बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड असा वहिनीचा घरगुती व्यवसाय. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण, पावसाळ्यात विक्री. आधी सगळं उधना-लिंबायतच्या ओळखीवर चालायचं. मग मी हौसेने वेबसाइट करून दिली आणि तिला पेमेंट गेटवे जोडला. म्हणजे चूक माझीच होती.

झालं असं. ताईंनी यूपीआयने ६८० रुपये भरले. त्यासाठी त्या ब्राउझरमधून यूपीआयच्या ॲपमध्ये गेल्या. पैसे कापले गेले, पण त्यांच्या जुन्या फोनवर तेवढ्यात ब्राउझर बंद पडला. माझी साइट मात्र ग्राहक 'धन्यवाद'च्या पानावर परत आला तरच ऑर्डर नोंदवायची. ताईंनी पुन्हा पैसे भरले, पुन्हा तेच झालं. गेटवेच्या खात्यात दोन्ही रकमा दिसत होत्या आणि आमच्याकडे एकाही ऑर्डरची नोंद नव्हती.

एक रक्कम त्याच संध्याकाळी परत केली, दुसऱ्या दिवशी पार्सल पाठवलं. वहिनीने त्यात नागलीच्या पापडांचं एक पाकीट आपल्याकडून घातलं. पण दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. "पंधरा वर्षांत कुणी मला लबाड म्हटलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

खरं तर हा धडा आपल्या सुरतेला जुनाच आहे. इथल्या सराफांच्या हुंड्या एके काळी दूरदूरच्या पेठांत चालत. हुंडी घेऊन माणूस यायचा, पण हुंडी लिहिणारी पेढी अनेकदा समोरच्या पेढीला वेगळं पत्रही पाठवायची. शाहजोग हुंडीचे पैसे तर प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हाती द्यायचे असत. आणणाऱ्याच्या शब्दावर सगळं सोडत नसत. मी नेमकं तेच केलं होतं.

या वेगळ्या पत्राला आज वेबहुक म्हणतात. पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप देतो. ग्राहकाचा फोन बंद पडला तरी तो येतो.

आपल्यातल्या जोडणी करणाऱ्या मुलामुलींसाठी चार गोष्टी:

ऑर्डर 'पैसे मिळाले' अशी नोंदवायची ती या निरोपावरून किंवा गेटवेला थेट विचारून. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

निरोप खरंच गेटवेचा आहे ना, हे त्यासोबतची डिजिटल सही ताडून पाहा. त्यासाठीची गुप्त किल्ली सर्व्हरवरच ठेवा, वेबपानाच्या कोडमध्ये कधीही नको.

रक्कम तुमच्या सर्व्हरने ठरवावी. ब्राउझरकडून आलेला आकडा घेतलात, तर कुणीही ६८० चे ६ करू शकतो.

एकच निरोप दोनदा येऊ शकतो. पेमेंटचा क्रमांक आधी नोंदवलेला आहे का ते तपासा, नाहीतर एका पैशात दोन पार्सलं जातील.

ग्राहकांनाही एक सांगतो. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले, पण त्याच्याकडे खात्री पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. म्हणून घाईने दुसऱ्यांदा भरू नका, आधी दुकानदाराला फोन करा.

आणि तुमच्या आईची, मावशीची अशी साइट असेल, तर या रविवारी तिथे एक रुपयाची ऑर्डर द्या. पैसे भरताच मुद्दाम ब्राउझर बंद करा आणि ऑर्डर नोंदली गेली का ते पाहा. मी हे आधीच करायला हवं होतं.

पुढच्या अंकात भेटूच.