अल्ब्युमिनच्या सहा बाटल्या आणि आत्याची पाठ

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर वाचाच.

गेल्या पावसाळ्यात आमची आत्या लघवीच्या इन्फेक्शनने आयसीयूत गेली. बीपी एकदम खाली, मग व्हेंटिलेटर. हॉस्पिटल खाजगी, नाव घेत नाही. नऊ दिवसांत आम्ही भावंडांनी मेडिकलच्या इतक्या फेऱ्या मारल्या की काउंटरवरचा पोरगा आम्हाला नावाने ओळखायला लागला. त्यात अल्ब्युमिनच्या सहा बाटल्या. "प्रोटीन कमी झालंय, अंगावर सूज आहे, घेऊन या." एकेक बाटली काही हजारांची. आणली. त्या वेळी कोण वाद घालतं?

दहाव्या दिवशी आत्या वॉर्डात आली. अंग पुसायला मावशींनी कुशीवर वळवलं, तेव्हा माकडहाडाच्या वर तळहाताएवढी काळी जखम दिसली. बेडसोर. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही रोज विचारायचो ते एवढंच: "सलाईन चालू आहे ना?"

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर बरंच वाचलं, ओळखीच्या दोन डॉक्टरांना पिडलं. सेप्सिसमध्ये बीपी पडलं की सलाईन लागतंच. वजनाच्या दर किलोला निदान ३० मिली, पहिल्या तीन तासांत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सुचवतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला दीड लिटर. त्याने जीव वाचतो. अडचण पुढच्या दिवसांत येते. आजारात बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, दिलेलं पाणी बाहेर झिरपतं, अंग सुजतं. सुजलेल्या कातडीला प्राणवायू कमी पोचतो. त्यात बीपी चढवणारी औषधं कातडीकडचं रक्त आणखी आटवतात. आणि या सगळ्यावर माणसाचं वजन एकाच जागी तासन्‌तास दाबून राहतं.

मग कोणती बाटली बरी? यावर जगभर भांडून झालंय. साधं सलाईन की रक्ताशी जास्त जुळणारं संतुलित द्रावण, यावर ब्राझीलमध्ये (२०२१) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये (२०२२) हजारो आयसीयू पेशंटवर मोठे अभ्यास झाले. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक सापडला नाही. अल्ब्युमिनचं त्याहून जुनं. २००४ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येच जवळपास ७,००० पेशंटवर अल्ब्युमिन आणि साधं सलाईन ताडून पाहिलं, २८ दिवसांनी जगलेल्यांची संख्या सारखीच. इटलीत २०१४ साली सेप्सिसच्या पेशंटना रोज मोजून अल्ब्युमिन भरलं, तरी जास्त माणसं वाचली नाहीत. लिव्हरच्या काही आजारांत त्याचा उपयोग नक्की आहे, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं की चोरच, असं समजू नका. पण का लिहिलं, हे विचारा.

अल्ब्युमिन कमी असलेल्यांना बेडसोर जास्त होतात, हेही खरं. पण गंभीर आजारात ते कमी होणं हे बरेचदा आजाराचंच लक्षण असतं. वरून भरलेलंही त्याच गळक्या वाहिन्यांतून बाहेर जातं.

पाठ वाचवणाऱ्या गोष्टी फार साध्या आहेत. ठरावीक तासांनी कूस बदलणं, हवेची गादी, टाचा अधांतरी ठेवणं, खालचं अंग कोरडं ठेवणं, नळीतून वेळेवर अन्न. हवेची साधी गादी एका अल्ब्युमिनच्या बाटलीच्या आसपास मिळते! पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाची कूस बदलायला दोन-तीन जण लागतात, नळ्या सांभाळत. असा पेशंट असेल तर त्याच्यामागे एक नर्स हवी, हा मान्य दंडक आहे. आमच्या त्या आयसीयूत रात्री आठ बेडना दोन सिस्टर होत्या. त्या पोरींना मी दोष देणार नाही, त्या पळतच होत्या.

माझा राग इथे आहे. बाटली बिलात दिसते, तिच्यावर नफा असतो. कूस बदलल्याची बिलात ओळ नसते, म्हणून नर्स वाढवण्यात कुणाला रस नाही. सरकारी रुग्णालयांत तर रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत, तिथे नफ्याचंही कारण नाही. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांचे नियम बदलले, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्याच भिंतीवर आणखी एक पाटी हवी: आज या पाळीला आयसीयूत पेशंट किती, नर्स किती, आणि या महिन्यात इथे आल्यावर बेडसोर किती जणांना झाला. आपले आमदार आरोग्य शिबिरांच्या फ्लेक्सवर असतातच, त्यांनी एवढं सभागृहात मागावं.

तोवर तुमचं माणूस आत असेल तर रोज तीन गोष्टी विचारा. कालपासून किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं (चार्टवर लिहिलेलं असतं). शेवटची कूस कधी बदलली. आणि पाठ बघू द्या. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघायला सांगा: तो भाग गरम, कडक किंवा भुसभुशीत लागतो का. नम्रपणे विचारा, पण विचाराच.

आत्याची जखम भरायला चार महिने लागले. अजून ती पाटावर बसत नाही.

कॉमेंटमध्ये हॉस्पिटलचं नाव नको. फक्त गाव, आणि तुमच्या माणसाच्या आयसीयूत रात्री किती बेडना किती नर्स होत्या, एवढं लिहा. आकडे जमले की यादी करून आमदारांच्या ऑफिसात नेऊन देणार आहे.