डेसिबलच्या पलीकडचे अपंगत्व

कर्णबधिर माणसाचे अपंगत्व आपला कायदा डेसिबलमध्ये मोजतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असली की माणूस बधिर, ६० ते ७० असली की ऊनश्रवणी. मोजमाप तेथे संपते. परंतु हाडाच्या ज्या पोकळीत श्रवणाचा शंख असतो, तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. डोके किती वळले, शरीर कोणीकडे कलले, याची वार्ता त्या मेंदूला देतात. एका खोलीला आग लागली म्हणजे शेजारची जळतेच असे नाही. पण ती शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची तसदीही कोणी घेत नाही.

वास्तविक हे ज्ञान जुने आहे. हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये ५१९ मूकबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. गरगर फिरवल्यावर त्यांपैकी १८६ जणांना मुळीच घेरी आली नाही, १३४ जणांना जेमतेम आली. हार्वर्डमधील सुमारे दोनशे विद्यार्थी-शिक्षकांत मात्र घेरी न येणारा एकच निघाला. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेने अंतराळप्रवासाच्या संशोधनासाठी गॅलॉडेट महाविद्यालयातील अकरा बधिर पुरुष निवडले. त्यांपैकी दहा जणांचे बहिरेपण मेंदूच्या आवरणाच्या दाहातून आलेले होते. खवळलेल्या समुद्रात संशोधक आजारी पडले आणि हे बधिर प्रवासी पत्ते खेळत राहिले! महासत्तेला जी उणीव उपयोगाची होती, ती बारकाईने मोजली गेली. येवल्याच्या विणकराची उणीव कोणाच्या कामाची?

माणसाचा तोल तीन आधारांवर उभा असतो : डोळे, पावले-सांध्यांची जाणीव आणि आंतरकर्ण. तिसरा आधार बालपणीच गेला तर उरलेले दोन त्याचे काम इतके बेमालूम उचलतात की त्या माणसालाही पत्ता लागत नाही. मूल उशिरा चालू लागले, एवढीच आठवण आईच्या बोलण्यात उरते. पैठणीच्या मागावर, खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत, नजर तारांवर खिळवून बसलेल्या अशा विणकराचे काहीच अडत नाही. अडते ते दिवेलागणीनंतर. वीज गेलेल्या बोळात, कठडा नसलेल्या जिन्यावर. संक्रांतीच्या दिवसांत सारे येवले गच्च्यांवर असते. माना वर आणि पावले कडेला. तेथे तर धोका उघडच आहे. विहिरीत बुडी मारली, तर पावलांना जमीन नाही आणि गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. वर कोणते नि खाली कोणते हे उमगेनासे होते. जेम्स यांच्याकडेही काही बधिरांनी पाण्याखालच्या याच भांबावण्याची हकिगत कळवली होती. अंधारात झोकांड्या जाणाऱ्या गरिबाविषयी लोक काय तर्क करतात, ते वेगळे सांगायला नको.

प्रौढपणी आंतरकर्ण निकामी होतो तेव्हा प्रश्न अधिक बिकट असतो, आणि येथे वर्गाचा संबंध येतो. यंत्रमागाचा खडखडाट मुख्यतः श्रवणपेशींचा घात करतो. तोलाचा घात अधिक करून औषधांनी होतो. स्ट्रेप्टोमायसिनने १९४० च्या दशकापासून असंख्य क्षयरोगी वाचवले, परंतु त्याचा विषार तोलाच्या इंद्रियावर पडतो, जेन्टामायसिनचेही तसेच. क्षय हा कोंदट खोलीचा आणि अर्धपोटी शरीराचा रोग, म्हणून त्या सुयांचा मोठा वाटा श्रमिकांनाच मिळाला. औषधाला न बधणाऱ्या क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून सुयांऐवजी तोंडाने घ्यायच्या औषधांना अग्रक्रम दिला, हे उत्तम झाले. पण आधी ज्यांचे नुकसान झाले, ते भिंत धरूनच चालत राहिले. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिव्यय म्हणते तो हाच : मालाच्या किमतीत न धरलेला, श्रमिकाच्या देहावर टाकलेला खर्च. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या श्रवणहानीला उशिरा का होईना जागा मिळाली. परंतु घरच्या मागावर विणणाऱ्याने कायद्यातला 'मालक' शोधायचा कोठे?

तपासणीला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. जवळ माणूस उभा ठेवून, जाड गादीवर पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगितले तरी पुष्कळ कळते. पक्के निदान तज्ज्ञाने करावे. पण प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने कर्णबधिराची एवढी प्राथमिक परीक्षा का करू नये? डोके, डोळे नि पावले यांचे ठरावीक व्यायाम दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ज्ञात आहेत आणि त्यांनी उरलेले आधार बळकट होतात. कार्यकर्त्यांनी नगरपालिकेकडे जिन्यांचे कठडे आणि बोळांतील दिवे मागताना ही माणसेही हिशेबात धरावीत.

यातला एक गट तर थांबूच शकत नाही. अशर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बधिर असते, आंतरकर्णाचा तोलही नसतो, आणि पुढे रातांधळेपणापासून सुरुवात होऊन दृष्टी आक्रसत जाते. म्हणजे ज्या डोळ्यांवर त्याचा सारा भार, तेच हळूहळू जातात. उशिरा चालू लागलेल्या प्रत्येक बधिर मुलाचे डोळे शाळेत घालतानाच तपासून घेतले, तर त्याला कोणता धंदा शिकवावा याचा विचार करायला निदान काही वर्षे हाताशी राहतील.