भिंत बांधली, तरीही गाव बुडाले

सुमारे सात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एका खेड्याने समुद्राला अडविण्यासाठी दगडी भिंत उभारली. शंभर मीटरहून अधिक लांबीची ती भिंत आज पाण्याखाली आहे आणि जे वाचविण्यासाठी ती बांधली गेली, ते गावही तिच्याशेजारीच बुडालेले आहे. समुद्राच्या वाढत्या पातळीचा प्रश्न आजचा वाटत असला, तरी त्यावर उत्तर शोधण्याची धडपड इतकी जुनी आहे.

इस्रायलमधील हैफा शहराच्या दक्षिणेस कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या किनाऱ्यावर, तेल ह्रेझ या ठिकाणी हे अवशेष आहेत. 2012 मध्ये समुद्रतळावरील वाळू हटल्याने या गावाचा नवा भाग उघडा पडला. एहुद गलिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरील संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध केले. समुद्रापासून संरक्षणासाठी बांधलेली, तोवर ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी भिंत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. भिंतीतील मोठाले धोंडे गावातले नव्हेत. एक-दोन किलोमीटरवरील नदीपात्रांतून ते आणलेले होते. चाकाची गाडी अद्याप अस्तित्वात नसलेल्या काळात हे काम एका-दोघा कुटुंबांचे असणे शक्य नाही. संकटाची जाणीव साऱ्या गावाला होती आणि त्यावर सामुदायिक निर्णय झाला होता, असाच याचा अर्थ होतो.

या संकटाचे मूळ हिमयुगाच्या अखेरीत होते. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटरने खाली होती. पुढे जमिनीवरील हिमस्तर वितळू लागले आणि किनारे आत सरकत गेले. तेल ह्रेझच्या काळात पाणी दरवर्षी चार ते सात मिलिमीटरने चढत होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही वाढ एका वर्षात कोणाच्या ध्यानात येणार नाही. परंतु 30 वर्षांत ती 12 ते 21 सेंटीमीटर होते. साहजिकच हिवाळी वादळांच्या लाटा वरचेवर घरांपर्यंत पोहोचू लागल्या असणार.

याच किनाऱ्यावर, अटलिट याम येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे आणखी एक गाव 8 ते 12 मीटर खोल पाण्यात आहे. तेथे भिंत नाही, पण विहीर आहे. साडेपाच मीटर खोलीच्या या विहिरीने गावाला गोडे पाणी पुरविले. समुद्र जवळ येताच झऱ्यात खारे पाणी शिरले. मचूळ झालेल्या विहिरीत मग गावकऱ्यांनी जनावरांची हाडे आणि मोडकी अवजारे टाकली. घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी पिण्याचे पाणी गेले, ही या विहिरीची साक्ष आहे. त्सुनामीने हे गाव एकाएकी नष्ट झाल्याचा तर्क काही इटालियन शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये मांडला होता. उत्खनन करणाऱ्यांनी मात्र तो नाकारला.

मग ही माणसे तगली कशी? अटलिट यामचे रहिवासी गहू पिकवीत, गुरे-शेळ्या पाळीत आणि मासेमारीही करीत. तेथे माशांची हजारो हाडे मिळाली आहेत. काही पुरुषांच्या कवट्यांत कानाच्या मार्गात हाड वाढलेले आढळते; थंड पाण्यात वारंवार बुड्या मारणाऱ्यांमध्ये ही वाढ दिसते. उपजीविकेची साधने अनेक असल्याने एक बुडाले तरी दुसऱ्याचा आधार होता. शिवाय, मागे सरकण्यास जमीन मोकळी होती. अटलिट याम आज खोल पाण्यात आहे, तर दोन हजार वर्षांनंतरचे तेल ह्रेझ उथळ पाण्यात. एक किनारा बुडाला, तसा माणूस वरच्या किनाऱ्यावर वसत गेला, हेच यातून दिसते.

हे स्थलांतर सोपे होते, असे मात्र मानता येणार नाही. दोन्ही गावांत दफने सापडली आहेत. तेल ह्रेझला ऑलिव्हचे तेल काढले जात असे, आणि ऑलिव्हचे झाड काही उचलून नेता येत नाही. भिंतीसाठी एवढे श्रम घेतले गेले, ते गाव सोडावयाचे नव्हते म्हणूनच. भिंतीने काही काळ मिळाला असेल. तिने समुद्र थांबला नाही.

या जुन्या हिशेबाशी आजचे आकडे ताडून पाहण्याजोगे आहेत. हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालानुसार 2006 ते 2018 या काळात जागतिक समुद्रपातळी दरवर्षी सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली आणि हा वेग वाढतो आहे. म्हणजेच तेल ह्रेझने अनुभवलेल्या वेगाच्या उंबरठ्यावर आजचे जग येऊन ठेपले आहे. फरक आहे तो मोकळ्या जमिनीचा. सात बेटांमध्ये भराव घालून वसलेल्या मुंबईला मागे सरकण्यास जागा कोठे आहे? म्हणूनच मरीन ड्राइव्हला काँक्रिटचे टेट्रापॉड आणि कोकणच्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे, हाच मार्ग प्रामुख्याने अवलंबिला जातो.

बंधारे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. लाटांचा मारा ते सोसतात आणि अवधी मिळवून देतात. त्या अवधीत काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींच्या खारेपणाची नियमित नोंद, नवीन बांधकामे कोठे नकोत याचा निर्णय, मच्छीमार वस्त्यांना किनाऱ्यापासून न तोडता सुरक्षित जागा, ही कामे भिंत उभी असतानाच करावी लागतील. तेल ह्रेझच्या गावकऱ्यांना समुद्र पुढे किती चढणार, हे ठाऊक नव्हते. आजच्या नियोजनकर्त्यांना ती सबब सांगता येणार नाही.