दधीची नकोत, यादी दाखवा

अवयवदानाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी दधीची ऋषी हजर होतात. फलकावर दधीची, भाषणात दधीची. सूर असा, की अवयव मिळत नाहीत ते लोकांची मनं कोती म्हणून. मला हे साफ नामंजूर आहे. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वतःच्या, आणि कुणासाठी हे ठाऊक असताना. अतिदक्षता विभागाबाहेर रात्री दोनला बाकावर बसलेल्या आईला यातलं काय लागू पडतं?

चेन्नईकडे बघा. तिथल्या विल्लिवाक्कमला एकेकाळी लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणत. जानेवारी २००७ मध्ये एर्णावूरच्या त्सुनामीग्रस्तांच्या वस्तीत बायकांनी मूत्रपिंडं विकल्याचं उघडकीला आलं. सप्टेंबर २००८ मध्ये त्याच शहरात एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले. पोलिसांनी रस्ता मोकळा केला, हृदय अकरा मिनिटांत मोगप्पेरच्या इस्पितळात पोचलं. त्यावर सिनेमेही निघाले. पण वीस महिन्यांत अख्ख्या शहराचं मन पालटलं, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडा. पालटले ते सरकारी कागद : मेंदूमृत्यू घोषित करण्याचे आदेश, सामायिक प्रतीक्षायादी आणि ती राबवायला डॉ. जे. अमलोरपवनाथन यांच्यासारखा निमंत्रक. ‘ट्रान्सटॅन’ हे राज्याचं प्रत्यारोपण प्राधिकरण आलं ते पुढे, २०१४ मध्ये.

अवयवदानावरचा एक आक्षेप दबक्या आवाजात येतो : अवयवांसाठी डॉक्टर माणूस लवकर मेला म्हणून सांगतात. या भीतीची टिंगल करू नये, तिला उत्तर द्यावं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टर सही करतात आणि त्यांत प्रत्यारोपण करणारा एकही चालत नाही. श्वासाची चाचणी तर बघण्यासारखी. श्वासयंत्र काढतात, नळीतून प्राणवायू चालू ठेवतात आणि उघड्या छातीकडे बघत थांबतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. मेंदूचा बुंधा जिवंत असेल तर छाती उचलल्याशिवाय राहणार नाही. ती हलत नाही. सहा तासांनी सगळं पुन्हा. माझं म्हणणं, ही दुसरी फेरी नातेवाइकांना बघायची असेल तर खुशाल बघू द्यावी.

दुसरा आक्षेप मला खोडता येत नाही : श्रीमंत आणि परदेशी आधी. नियमाने परदेशी रुग्ण शेवटी. तरी २०१८ मध्ये केरळचे मुख्यमंत्री पिनरायी विजयन यांना तमिळनाडू सरकारकडे तक्रार करावी लागली, की पालक्काडच्या एका तरुणाचे अवयव सेलमच्या खासगी इस्पितळातून परदेशी रुग्णांकडे गेले. यावर ठरलेलं उत्तर : भारतीय रुग्ण जुळला नाही. रक्तगट जुळला नाही, की पैसे? चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात गरिबांच्या यकृत प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया फुकट झाल्या आहेत, म्हणजे पैशाचा प्रश्न न सुटणारा नाही.

प्रत्यारोपण विभागाच्या भिंतीवर ‘ध्येय आणि मूल्ये’ अशी पाटी असते. करुणा, उत्कृष्टता वगैरे. हा संशय मिटवायचा तर तिच्याशेजारी प्रतीक्षायादी लावा. नावं झाका, पण क्रमांक, रक्तगट, अवयव कुणी नाकारला आणि का, हे दिसू द्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचं जाहीर केलं. मान योग्यच. पण अपघाती मृत्यूला लागणाऱ्या पंचनाम्याच्या एका सहीपायी देह शवागारात खोळंबला, तर दारात पुष्पचक्र घेऊन उभ्या अधिकाऱ्याने करायचं काय?