रानातली घाणेरी आणि पावसाळ्यातला ताप

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की पातूर सोडताच घाट लागतो. पावसाळ्यात तो हिरवागार दिसतो. पण त्या हिरव्यात नेमके काय वाढले आहे, हे आता आरोग्याच्या दृष्टीनेही पाहायला हवे.

अजिंठ्याच्या रांगेतले आपले हे कोरडे, पानगळीचे रान. कुठे काय उगवेल हे आधी काळ्या पाषाणावरची माती ठरवते. उथळ, खडकाळ उतारावर सालई आणि धावडा टिकतात, माती जरा खोल मिळाली की साग वाढतो आणि चराईने थकलेल्या सपाटीवर पळस उरतो. त्यावर माणसाचा हात फिरतो तो तीन प्रकारे: गुरे, कुऱ्हाड आणि आग. मोहफुले वेचायला सोपे जावे, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून उन्हाळ्यात पाचोळा पेटवला जातो. लहान रोपे जळतात, गवत गुरे खातात आणि रिकाम्या जागेत घाणेरी शिरते. कुणी तिला टणटणी म्हणतात, कुणी रायमुनिया.

ही मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी ती कलकत्त्याच्या उद्यानात आणली. गुरे तिला तोंड लावत नाहीत. लावलेच तर यकृत बिघडते. आगीत वरचा भाग जळाला तरी बुडातून पुन्हा फुटवे येतात, आणि बिया बुलबुल नेऊन टाकतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या व्याघ्रक्षेत्रातील जंगलांत तिने दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागा व्यापली आहे.

डॉक्टरचा याच्याशी काय संबंध? स्क्रब टायफस. नावातला ‘स्क्रब’ म्हणजे झुडपी रान. उंदरांच्या अंगावर पोसणारी बारीक माइटची अळी झुडपात, गवतात दबा धरून असते आणि माणसाला चावली की हा ताप येतो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भाने त्याची साथ पाहिली. घाणेरी वाढली म्हणजे ताप वाढलाच, इतके सोपे गणित मी मांडणार नाही. गवताळ धुऱ्यावरही ही अळी असते. पण दाट सावली, ओल आणि उंदरांना आडोसा या तिन्ही गोष्टी घाणेरीच्या जाळीत मिळतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात गवताळ रानावर एका जातीच्या जुनिपरने असेच आक्रमण केले, तेव्हा त्याच्या सावलीत गोचिड्या जास्त आढळल्या. वनस्पती बदलल्या की त्यांच्या आश्रयाचे किडेही बदलतात.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाच दिवसांहून जास्त ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असेल, मलेरिया-डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह असेल, तर वावरात किंवा रानात गेला होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. काखेत, जांघेत, करदोड्याखाली सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली शोधा. ती दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही; शिवाय आपल्याकडे अनेक रुग्णांत ती नसतेच. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते.

घाणेरी काढण्याची कामे ठिकठिकाणी होतात. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने येते. जमिनीखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते, तेही फळे पिकण्याआधी, आणि मोकळ्या जागेत लगेच गवत लावावे लागते. कामाच्या अंदाजपत्रकात गवताचे बी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची देखभाल धरलेली नसेल, तर तो पैसा पाण्यात जातो. त्याच अंदाजपत्रकात मजुरांसाठी गमबूट आणि पूर्ण बाह्यांचे सदरेही धरा. जाळीत सर्वात आधी हात घालणारा माणूस तोच असतो. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवायला टाकावेत, बाजेवर नव्हे.