विश्लेषण : ‘गुलदार’ समुद्रतळाशी जाईल, पण ती पाहता येणार कोणाला?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर फिरताना एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘पोहता येत नसलं तरी चालेल!’ ते खोटे नाही. तिथे बहुतेक पर्यटकांचा स्कूबा म्हणजे काही मीटर खोल पाणी, मागून टाकी धरून नेणारा गाइड, भोवती माशांचा थवा आणि शेवटी मोबाइलवर आलेला व्हिडीओ. आता याच सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची योजना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ही नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सुपूर्द केली. प्रकल्पासाठी केंद्राकडून सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पण बुडालेल्या जहाजावरचे डायव्हिंग आणि तारकर्लीचा वीस मिनिटांचा स्कूबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक नीट सांगितला गेला नाही, तर किंमत पर्यटकाला मोजावी लागेल.

हीच नौका का?

‘गुलदार’ पोलंडमध्ये बांधली गेली आणि डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. जानेवारी २०२४ मध्ये ती निवृत्त झाली. लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी १० मीटरच्या आत. रणगाड्यांसाठी तिच्या पोटात लांबच लांब मोकळी जागा आहे. डायव्हरच्या दृष्टीने हे सोयीचे, कारण अरुंद बोळ आणि जिन्यांच्या जंजाळापेक्षा असा मोकळा भाग सुरक्षित करणे सोपे असते. अर्थात, बुडवण्याआधी इंधन, तेल, केबल, जुना रंग, अॅस्बेस्टॉससारखे पदार्थ काढावे लागतात. दारे काढून पोलादात जागोजागी मोठी भोके पाडली जातात.

उथळ म्हणजे किती उथळ?

‘फक्त वीस मीटर’ हे ऐकायला किरकोळ वाटते. इथे थोडे बारावीचे फिजिक्स आठवू. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट. डायव्हर आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा घेतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात टाकीतली हवाही तिप्पट वेगाने संपते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर. मिनिटाला २० लिटर धरले तर काठावर बसून ती दोन तास पुरेल. २० मीटरवर मात्र ४० मिनिटे, आणि ५० बार राखीव ठेवले तर जेमतेम अर्धा तास. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट हवा ओढतो.

उथळ पाण्याची दुसरी गंमत उलटी आहे. दाबातला सर्वांत मोठा टक्केवारीचा बदल शेवटच्या १० मीटरमध्ये होतो. १० मीटरवर श्वास रोखून कोणी घाबरून वर आला, तर फुप्फुसातली हवा दुपटीने फुगू पाहते. फुप्फुस फाटायला एवढे पुरे असते. म्हणून ‘काही वाटलं तर सरळ वर या’ हा सल्ला जलतरण तलावात ठीक, टाकी पाठीवर असताना जीवघेणा.

याच कारणाने प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या ओळख-डाइव्हला आंतरराष्ट्रीय संस्था १२ मीटरची मर्यादा घालतात. तीन-चार दिवसांचा ‘ओपन वॉटर’ कोर्स केला की १८ मीटर, त्यापुढचा कोर्स केला की ३० मीटर. ‘गुलदार’चा वरचा भाग किती खोलीवर राहतो, यावर सारे अवलंबून आहे. तो दहा-बारा मीटरवर राहिला, तर नवखा पर्यटक निदान वरून नजर टाकू शकेल आणि प्रशिक्षित डायव्हर खाली उतरेल. बालीतल्या तुलांबेनला अमेरिकी ‘लिबर्टी’ जहाजाचे अवशेष किनाऱ्यालगतच सुमारे ५ मीटरपासून ३० मीटरपर्यंत उतरत गेले आहेत, म्हणून तिथे दोन्ही प्रकारचे लोक जातात. तिथे ते काम १९६३ मध्ये ज्वालामुखीने केले. आपल्याकडे ते आराखड्यात करावे लागेल, शिवाय वरून जाणाऱ्या बोटींसाठी पुरेसे पाणी सोडून.

आत शिरणे ही वेगळीच विद्या

बाहेरून जहाज पाहताना वर मोकळे पाणी असते. आत गेल्यावर डोक्यावर पोलाद. तळावर गाळ साचतो, आणि फिनचा एक चुकीचा फटका बसला की काही सेकंदांत स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणूनच मोकळा भाग संपून पुढे जायचे असेल तर परतीची दोरी, जास्तीचा टॉर्च आणि राखीव हवा हे नियम आहेत. फ्लोरिडातल्या ‘स्पीगल ग्रोव्ह’ या बुडवलेल्या नौकेत खोल शिरलेल्या तीन डायव्हरचा मार्च २००७ मध्ये मृत्यू झाला. ते नवखे नव्हते.

जहाज ठेवले तसे राहते का?

नाही, हे दोन उदाहरणे सांगतात. हीच ‘स्पीगल ग्रोव्ह’ २००२ मध्ये बुडवताना उलटली, आडवी पडली आणि २००५ च्या वादळाने तिला चक्क सरळ उभे केले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ‘टोब्रुक’ बुडवली. तीही ‘गुलदार’सारखीच सैन्य उतरवणारी नौका. ती सरळ बसायची होती, बसली उजव्या कुशीवर. डायव्हरसाठी ती काही महिन्यांनी, २०१९ मध्ये खुली झाली.

कोकणात पावसाळा हा दरवर्षीचा पेपर आहे. लाटेचा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो. दहा सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५० मीटर लांब असते, म्हणजे तिचा हिसका ७५ मीटरपर्यंत जाणवतो. २० मीटरवरच्या पोलादाला तो दर दहा सेकंदांनी बसणार, चार महिने. त्यामुळे दर ऑक्टोबरला हंगाम उघडण्याआधी जहाजाची तपासणी व्हायला हवी : पत्रे सुटले का, जहाज सरकले का, पाडलेली भोके गाळाने बुजली का.

त्यात जाळीही आली. पोलादी सांगाड्याभोवती मासे जमतात हे कोकणातल्या मच्छीमाराला कोणी शिकवायला नको. तो तिथे जाळे टाकणारच, आणि अडकलेले जाळे माशांना जसे पकडते तसेच डायव्हरलाही. मासेमारीची सीमा आधी ठरवायची, तर निवतीच्या मच्छीमारांना त्या चर्चेत बसवावे लागेल. त्यांच्या रोजच्या पाण्यातला तुकडा जाणार असेल, तर मोबदल्यात बोटींचे, गाइडचे काम त्यांच्याकडेच यावे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

तिकीट काढण्याआधी काय विचाराल?

मे २०२२ मध्ये स्कूबासाठी पर्यटकांना घेऊन गेलेली बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. तो अपघात पाण्याखालचा नव्हताच, बोटीचा होता. निवती रॉक किनाऱ्यापासून दूर आहे, म्हणजे बोटीचा प्रवासही लांबणार. त्यामुळे बुकिंग करताना सरळ विचारा : बोटीत किती माणसे, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, एका गाइडमागे किती जण, आणि दाबाचा त्रास झाला तर उपचाराचे रिकम्प्रेशन चेंबर किती तासांवर. कोणी तुमचे डायव्हिंग कार्ड न पाहताच ‘गुलदारच्या आत नेतो’ म्हणाला, तर पैसे परत घ्या आणि मालवणात मासे खाऊन या.