गुरगुरणे हा गुन्हा नव्हे!

दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री किती गुण्यागोविंदाने वावरत असतात! परंतु ती तसबीर जरा निरखून पाहावी. त्या चौघांपुढे ना भाकरीचा तुकडा आहे, ना रबरी चेंडू. तो असता, तर चित्रकाराला निराळेच चित्र काढावे लागले असते!

विनोद बाजूस ठेवू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा आहे. एरवी गाईसारखा गरीब असलेला हा प्राणी शेजारचा कुत्रा अंगणात येताच आपल्या चेंडूवर पंजा रोवतो, अंग ताठ करतो आणि गुरगुरू लागतो. मग घरात एकच ओरडा होतो. "मोत्या, लाज नाही वाटत? दे त्याला!" पाठीत एक रपाटा बसतो, चेंडू हिसकावला जातो आणि मोत्या 'स्वार्थी', 'माजोरा' ठरतो. आमचे म्हणणे असे, की या प्रसंगी चुकतो तो मोत्या नव्हे. चुकतो त्याचा मालक.

हाती आलेली वस्तू राखणे हा कुत्र्याच्या जातीचा स्वभावच आहे. डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाने १९७० साली लांडग्यांवरील आपल्या ग्रंथात नोंदविले, की लांडग्याच्या तोंडाभोवती जणू त्याच्या मालकीची एक हद्द असते. कळपातला कनिष्ठ लांडगासुद्धा तोंडातला घास वरिष्ठाला सहजी देत नाही. 'कुत्र्याला आपली सत्ता दाखवून द्या' हा उपदेश ज्या कल्पनेवर उभा आहे, ती पिंजऱ्यातील लांडग्यांवरून निघाली होती. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, हे याच संशोधकाने १९९९ साली स्पष्ट केले. तेव्हा मोत्या बंड करीत नसतो. त्याला आपली वस्तू जाण्याचे भय वाटत असते.

आणि गुरगुरणे म्हणजे तरी काय? ती चाव्यापूर्वीची नोटीस आहे! त्याआधीही तो खुणा करीतच असतो. वस्तूवर मान झुकवतो, डोळ्याच्या कडेने पाहतो, तोंडात धरून कोपरा गाठतो. आपण त्या वाचत नाही. मारून गुरगुर बंद करता येते. भय मात्र तसेच राहते. उद्या तोच कुत्रा नोटीस न देता एकदम चावतो, आणि मध्ये बहुधा घरातले लहान मूल असते.

मग करावे काय? पहिली गोष्ट व्यवस्थेची. दुसरा कुत्रा येण्यापूर्वी आवडती खेळणी उचलून ठेवावीत. जेवणाची ताटली वेगवेगळ्या जागी मांडावी. यात कमीपणा कसला? दुसरी गोष्ट देवघेवीची. मोत्या एकटा असताना, फारशी प्रिय नसलेली वस्तू त्याच्या तोंडात असता, 'सोड' म्हणून त्याला त्याहून चांगला खाऊ द्यावा, आणि वस्तू त्याला परत करावी. सोडल्याने नुकसान होत नाही, हे त्याला अनुभवाने कळले पाहिजे. तिसरी गोष्ट अंतराची. दुसरा कुत्रा दोरीला बांधून, मोत्या शांत राहील इतक्या दूर उभा करावा. तो दिसला की खाऊ सुरू. तो गेला की खाऊ बंद. अंतर हळूहळू, काही आठवड्यांत कमी करावे. घंटेच्या आवाजाला लाळ सुटते हे पावलॉव्हने दाखविले. तसाच 'पाहुणा आला, की लाभ होतो' हा धडा कुत्रा शिकतो. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक असा वागू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. दुखणेही याचे कारण असू शकते. प्रकरण चाव्यापर्यंत गेले असेल, तर घरगुती प्रयोग न करता जाणकाराचा सल्ला घ्यावा.

कोणी म्हणेल, हे तर कुत्र्याचे फाजील लाड झाले! आम्ही उलट विचारतो: वसतिगृहात आपली वही, आपला कंदील, आपली खाट कोणी न विचारता उचलली, तर आपण काय करतो? आपल्याला जो हक्क वाटतो, तो मुक्या जनावराच्या ठायी माज कसा होतो? 'बळी तो कान पिळी' या न्यायाने हिसकावून घेणाऱ्याने वाटून घेण्याचे धडे देऊ नयेत.

हा प्रश्न खेळण्यापुरता नाही. 'अंगावर येतो' एवढ्या शिक्क्यावर कित्येक कुत्री जन्मभर साखळीला बांधली जातात. काहींना पोत्यात घालून गावाबाहेर सोडले जाते. उपासमार घडेल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. गुरगुरण्याविरुद्ध मात्र कोणताही कायदा नाही. तेव्हा यापुढे मोत्या गुरगुरला, तर हात उगारण्याऐवजी दुसऱ्या कुत्र्याला दोन पावले मागे घ्या, आणि मोत्या काय सांगतो आहे ते ऐका.